बसायची जागा

मुंबईत चालायला पैसे पडत नाहीत, बसायला पडतात. फलाटावरच्या बाकावर गाडी येईपर्यंतचाच हक्क. इराण्याकडे एका चहावर तासभर निघायचा, पण इराणी आता बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि उरलेल्यांकडे आपण निम्मा कप संपवतो न संपवतो तोच खुर्चीमागे दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहतं. मरीन ड्राइव्हचा कठडा फुकट आहे खरा. वैशाखातल्या दुपारी त्यावर बसून दाखवावं. त्यातून बाई एकटी असेल, हातात फोन नसेल, कुणाची तरी वाट पाहत असल्याचा अभिनय तिला जमत नसेल, तर तिचं नुसतं बसणं या शहरात अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला कोड्यात टाकतं. कॉफीच्या नव्या दुकानांनी हा प्रश्न सोडवला म्हणतात. सोडवला, पण तिथली खुर्ची कॉफीच्या भावात येते आणि कॉफी संपली की तिची मुदतही संपते.

म्हणून असेल, सार्वजनिक ग्रंथालय मला आधी आठवतं ते खुर्चीवरून, पुस्तकांवरून नंतर. काळ्या घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला, एक सज्जा आहे. तिथल्या आरामखुर्च्या लांब हातांच्या. मळेवाल्या साहेबांना पाय पसरता यावेत म्हणून ज्यांचे हात पुढे लांबवले, त्या जातीच्या. साहेब गेले, मळे गेले. खुर्च्यांत आता सीएच्या परीक्षेला बसलेली मुलं, हायकोर्टातून कंटाळून आलेला एखादा ज्युनिअर वकील आणि निवृत्त गृहस्थ असतात. खाली महात्मा गांधी रस्त्यावर बेस्टची बस वळण घेते, समोर जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर कुणी चित्रं मांडून बसलेलं असतं, आणि वर एखादे काका पेपर छातीवर पसरून गाढ झोपलेले. त्यांना कुणी उठवत नाही. ग्रंथालयाच्या मोठेपणाची माझी व्याख्या साधारण इथवर येऊन थांबते.

ही इमारत १८७० ची. पण संस्था तिच्याहून जुनी आहे आणि तिचा जन्म मला इमारतीपेक्षा जास्त आवडतो. १८४७ मध्ये सरकारी टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या काही मेकॅनिकांना आणि फोरमनांना वाटलं की यंत्रांचे नमुने, इमारतींचे नकाशे आणि आपल्या कामाची पुस्तकं एका जागी असावीत. विद्वानांची सभा टाउन हॉलमध्ये भरतच होती. तिथे आजची एशियाटिक सोसायटी. हाताला वंगण लागलेल्या माणसांना त्या उंच पायऱ्या चढायचं आमंत्रण नव्हतं. त्यांनी आपलं ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ काढलं. कथा-कादंबऱ्यांसाठी नव्हे, कामातली बढती मिळावी, यंत्र समजावं, हात आणखी सफाईने चालावा म्हणून. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

पैसा आला ससूनचा. बगदादहून परागंदा झालेला हा ज्यू व्यापारी १८३० च्या दशकात मुंबईत उतरला आणि कापूस, कापड आणि अफू यांवर अफाट श्रीमंत झाला. अफू हा शब्द आपण दानशूरांच्या चरित्रात हळूच गिळतो. चीनमधल्या किती घरांची राख त्या नफ्यात होती याची पाटी पुण्याच्या ससून रुग्णालयावर नाही, कुलाब्याच्या ससून डॉकवर नाही आणि इथेही नाही. दान आणि पाप एकाच तिजोरीतून निघतं तेव्हा काय करायचं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. रुग्णालयात आजही गरीब बरे होतात, ग्रंथालयात आजही मुलं अभ्यास करतात, आणि अफूही खरी. तिन्ही एका दमात म्हणावं, एवढंच करता येतं.

इमारतीला सव्वा लाख रुपये लागले. त्यातले साठ हजार ससूनचे, उरलेले मुंबई सरकारचे. आराखडा स्कॉट मॅकक्लेलंड कंपनीच्या जे. कॅम्पबेल आणि जी. ई. गॉसलिंग यांचा. ससूनला ती पाहता आली नाही. १८६४ मध्ये तो पुण्यात वारला आणि आपणच बांधायला घेतलेल्या लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या सिनेगॉगच्या, आवारात पुरला गेला. इथे तो संगमरवरात आहे, थॉमस वुलनर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला, पायघोळ झगा आणि पागोटं. इंग्रजी पेहराव त्याने कधी केला नाही म्हणतात. ज्यांच्या राज्यात पैसा केला त्यांच्यासारखं दिसायची गरज त्याला वाटली नाही. मुलाला वाटली. मुलगा अल्बर्ट सर झाला, इंग्लंडात जाऊन राहिला आणि प्रिन्स ऑफ वेल्सचा घोड्यावरचा पुतळा त्याने शहराला भेट दिला. तोच काळा घोडा. १९६५ मध्ये घोडा आणि स्वार दोघेही राणीच्या बागेत गेले, नाव तेवढं चौकात राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे दुसरा घोडा बसवला, स्वाराशिवाय. मुंबईने इतिहासाला दिलेलं याहून नेमकं उत्तर मला ठाऊक नाही.

पण मला सांगायचं आहे ते छपराबद्दल.

मूळ इमारतीला उतरतं छप्पर होतं. मालाडच्या पिवळसर दगडाच्या भिंती, टोकदार कमानी आणि वर लाकडी कैच्यांवर पेललेला उतार. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो अडवायचा नसतो, वाट करून द्यायची असते, हे जुन्या गवंड्याला शिकवावं लागत नव्हतं. १९६० च्या दशकात हे छप्पर उतरवून त्याजागी सपाट काँक्रीटचा स्लॅब घातला गेला. तेव्हाच्या मंडळींना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्यांचंही ते नूतनीकरणच होतं. लाकूड कुजतं, कौलं सरकतात, दरवर्षी मे महिन्यात कौलारू शोधत फिरावं लागतं. सिमेंट म्हणजे कायमची कटकट गेली. सिमेंटवर त्या पिढीची श्रद्धा होती. धरणं, कालवे, वसाहती सगळं त्याच राखाडी भुकटीतून उभं राहत होतं, तर मग जुन्या ग्रंथालयाच्याच डोक्यावर कौलं का?

सपाट स्लॅबचा मुंबईतला स्वभाव ज्याच्या त्याच्या घरात ठाऊक आहे. पाणी त्यावर रेंगाळतं. रेंगाळलेलं पाणी भेग शोधतं, भेगेतून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की खालचे पोपडे सुटतात. मग डांबर, मग वॉटरप्रूफिंग, मग निळी ताडपत्री. शिवाय स्लॅबचं ओझं अशा भिंतींवर येतं ज्यांनी तेवढ्या वजनाचा करार कधी केला नव्हता. आणि ग्रंथालयात या सगळ्याच्या खाली कागद असतो. दमट हवेत कागदाला बुरशी धरते, कसर लागते, पुठ्ठ्याच्या खळीत वाळवीला घर सापडतं. डांबरगोळ्या ठेवायच्या, कडुलिंबाची पानं ठेवायची, कपाटं भिंतीपासून वीतभर लांब ओढायची. पण छत गळतंय तोवर हे सारं शांतिपाठासारखं.

२०२२ मध्ये काम सुरू झालं आणि पुढल्या वर्षी ग्रंथालय पुन्हा उघडलं. आभा नारायण लांबा या वास्तुरचनाकार, काळा घोडा असोसिएशन आणि काही कंपन्यांची प्रतिष्ठानं यांनी मिळून ते केलं. त्यांनी काय घातलं याच्या बातम्या आल्या: दिवे, झुंबरं, दुरुस्त केलेलं जुनं सागवानी सामान. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी काय काढलं. स्लॅब काढला. अख्खा. दीडशे वर्षांच्या, पहिल्या श्रेणीच्या वारसा वास्तूच्या डोक्यावरून काँक्रीट उतरवायचं, खालच्या कमानींना धक्का न लावता, हे काम घालण्यापेक्षा कितीतरी अवघड. घालायला क्रेन लागते, काढायला धीर लागतो. त्याजागी मूळच्या घाटाचं उतरतं छप्पर पुन्हा आलं, आणि वाचनाची खोली होती तेवढी उंच झाली.

या खोलीत वर पाहिलं की नजर कुठे तरी जाऊन पोचते. सपाट छताखाली नजर लगेच परत येते. वाचणाऱ्या माणसाला याचा फरक पडतो का? पडतो. वाचताना दर पानामागे एकदा तरी आपण डोकं वर करतो. जे वाचलं ते आत उतरायला तेवढा क्षण लागतो. त्या क्षणी डोक्यावर काय आहे हे वास्तुरचनाकारांनी हिशेबात धरायला हवं. जुन्यांनी धरलं होतं. ट्यूबलाइट बसवणाऱ्यांनी धरलं नाही.

जुन्या वास्तूचं काम म्हणजे आधीच्या दुरुस्त्यांची दुरुस्ती, असं या क्षेत्रातली माणसं हसत हसत सांगतात. चुन्यात बांधलेली भिंत श्वास घेते: पावसाळ्यात ओल शोषते, हिवाळ्यात सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवणं म्हणजे मे महिन्यात माणसाला नायलॉनचा सदरा घालणं. ओल आतच अडकते, क्षार वर येतात, दगडाचा कणन् कण सुटतो. मग तो गिलावा खरवडायचा आणि पुन्हा चुना लावायचा. चुना भिजवून मुरवावा लागतो, मळावा लागतो. जुने गवंडी त्यात गूळ घालत, बेलफळाचा गर घालत. हे जाणणारे हात आता कमी उरलेत, म्हणून हे काम महाग. फोर्टातच, याच पट्ट्यात, जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट आहे. १८५६ मध्ये काही पारशी तरुणांनी सुरू केलेल्या वाचनालयातून वाढलेलं, १८९८ च्या इमारतीतलं, रंगीत काचांच्या खिडक्यांचं. विकास दिलावरी यांनी ते असंच निगुतीने दुरुस्त केलं आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्याचा गौरव केला. दोन्ही ठिकाणी गेल्यावर नवं काही दिसत नाही. नवं काही दिसू नये यासाठी किती खर्च झाला असेल, हा विचार मात्र मनात येतो.

आता दुसरी बाजू. एका तालुक्याच्या गावी, नाव नाही घेत, शंभरी ओलांडलेलं एक नगर वाचनालय आहे. लहानपणी सुट्टीत मी तिथे बसलेली आहे. शहाबादी फरशी, दगडी जोतं, भिंतीला टेकून उभी काचेची कपाटं, मुक्तद्वार विभागात पेपर उभ्याने वाचायची तिरकी मेजं, आणि एका कोपऱ्यात ‘महिलांसाठी राखीव’ अशी पाटी असलेलं टेबल. ते टेबल बहुतेक रिकामंच असायचं. पण राखीव असायचं. त्या गावात बाईने एकटीने बसावं अशी देवळाबाहेरची ती एकच जागा होती, आणि ‘मासिक चाळायला जाते’ हे कारण सासूलाही चालायचं.

नूतनीकरण झालं. आमदार निधी आला, देणगीदार आले, समितीने मनापासून राबून काम केलं. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. शहाबादीवर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल आली, पावसाळ्यात घसरायची. छताला पीओपी. एसी बसवायचा म्हणून पश्चिमेच्या खिडक्या विटांनी बुजवल्या. एसीचं बिल परवडेना म्हणून तो बंद, आणि खिडक्या नाहीत म्हणून आत उकाडा. पुस्तकं गोण्यांत भरून शाळेच्या एका खोलीत ठेवली होती, त्यातल्या काही गोण्या उघडल्याच नाहीत. राखीव टेबल गेलं. ‘हल्ली असं वेगळं कोण बसतं, वहिनी,’ असं मला सांगण्यात आलं. खरं आहे, हल्ली वेगळं कुणी बसत नाही. हल्ली तिथे बायकाच बसत नाहीत. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, आणि तिच्यावर बरीच नावं.

मला हे काम सरसकट मोडीत काढायचं नाही. त्याच इमारतीच्या वरच्या नव्या मजल्यावर अभ्यासिका आहे आणि ती ओसंडून वाहते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात, तालुक्यात जा, जुन्या ग्रंथालयाला जोडून काय वाढलं असं विचारलं तर उत्तर हेच. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँका. शेजारच्या खेड्यांतून मुलं-मुली डबा घेऊन येतात, स्वतःची पुस्तकं आणतात, महिन्याचे पैसे भरतात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत प्लायवुडच्या कप्प्यात मान खाली घालून बसतात. घरी दोन खोल्यांत सहा माणसं. अभ्यासाला जागा आणि शांतता मिळते ती इथेच. ग्रंथालयाच्या जमाखर्चात हीच मुलं तरतात आणि तारतात.

जुने सभासद यावर नाक मुरडतात. ही काय वाचनसंस्कृती, म्हणतात. चालू घडामोडींची गाइडं वाचायची, ललित साहित्याकडे ढुंकून पाहायचं नाही. मला हे नाक मुरडणं पटत नाही. टांकसाळीतले ते मेकॅनिक तरी काय वाचायला जमले होते? त्यांनाही कामात वर चढायचं होतं. सार्वजनिक ग्रंथालयाच्या पायात गरजवंत माणसाची महत्त्वाकांक्षा पहिल्या दिवसापासून घातलेली आहे. रसिक नंतर आले आणि मालकासारखे बसले. तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी त्या मेकॅनिकांची थेट वारस आहे, सज्ज्यातल्या माझ्यापेक्षा कितीतरी जवळची.

माझी तक्रार जिन्याबद्दल आहे.

अभ्यासिकेला वेगळा जिना असतो. बाहेरून, लोखंडी, किंवा मागल्या दाराने. वेळा वेगळ्या, फी वेगळी, म्हणून सोयीसाठी वाट वेगळी. त्यामुळे वर्षभर त्या इमारतीत येणारं पोर एकदाही पुस्तकांच्या कपाटांसमोरून जात नाही. खाली चाळीस-पन्नास हजार पुस्तकं, वर शंभरेक तरुण, आणि मध्ये स्लॅब. तो जिना देवघेवीच्या खोलीतून न्यावा, एवढंच माझं मागणं. फार खर्चाचं नाही. येताजाता कपाटं दिसतील. दहातला एक थांबेल. मान अवघडली की दुसरं काही तरी हातात घ्यावंसं वाटतं, त्या वेळी ते हाताला लागेल इतक्या जवळ असावं. वाचनाचं प्रेम भाषणांनी लागलेलं मी पाहिलेलं नाही. भलतंच शोधताना हाताला लागलेल्या पुस्तकाने लागलेलं पुष्कळदा पाहिलं आहे.

ग्रंथालयाने पुस्तकांपलीकडे काय करावं, हा प्रश्न आज नव्याने पडल्यासारखा विचारला जातो. कॅफे असावा का, मुलांसाठी कोपरा, संगणक, सभागृह? आपल्याकडे याची उत्तरं जुनी आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. त्याला स्वतःचं वस्तुसंग्रहालय आहे आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे. नाटक बघायला आलेला माणूस वाचनालयाच्या आवारात येतो, हे तिथल्या लोकांना कुणा सल्लागाराने सांगितलं नव्हतं. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून घेतला आणि गावोगाव वाचनालयं काढली. जिथे वाचनालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं पाठवली. बायकांची आणि मुलांची सोय तेव्हा वेगळी केली होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला पहिला. महाराष्ट्राचा आला १९६७ मध्ये.

गोव्याने तिसराच रस्ता धरला. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं, पोर्तुगीज अमदानीतलं. जुन्या जागेत त्याला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. २०१२ मध्ये ते उठून पाटोच्या नव्या प्रशस्त इमारतीत गेलं. कृष्णदास शामांचं नाव त्याला आहे. काही जणांना जुनी जागा सुटल्याचं वाईट वाटलं, मलाही वाटलं असतं. पण ज्या मुलाला पुस्तक घेऊन खिडकीशी बसायचंय त्याला खिडकी कुठल्या शतकातली याच्याशी कर्तव्य नाही. वास्तू जपायची की वाचक जपायचा, असा पेच दर वेळी येतोच असं नाही. आला तर वाचक जपावा, हे लिहिताना जुन्या कमानींवर जीव असलेल्या मला त्रास होतो, तरी लिहिते.

काळ्या घोड्याला हा पेच आला नाही. तिथे मागे बाग आहे, दगडी शहरात लपलेली. जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव भरतो तेव्हा त्या बागेत पुस्तकांवरच्या गप्पा होतात, अनोळखी माणसं गवतावर खुर्च्या टाकून लेखकांना ऐकतात. एरवी ती झाडांची आणि मांजरांची. वाढवायला तिथे चौरस फूट नाहीत आणि वाढवूही नयेत. वाढू शकते ती वेळ. नोकरी सुटल्यावर, साडेसात-आठला, लोकल गच्च भरलेली असताना तासभर थांबून जावं असं वाटणाऱ्या माणसाला दार उघडं दिसणं, हाही विस्तारच. सभासद नसलेल्याला एक दिवस बसता येणं, हाही विस्तार. व्हीलचेअर पहिल्या मजल्यापर्यंत पोचणं आणि बायकांचं स्वच्छतागृह चालू असणं, हा तर सगळ्यात मोठा. एखादी वास्तू स्त्रियांसाठी किती खुली आहे हे मी तिच्या कमानींवरून नाही, स्वच्छतागृहाच्या कडीवरून ओळखते.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर पाटी लागत नाही. दगडाला पैसे मिळतात, छपराला मिळतात, झुंबराला तर हमखास. ग्रंथपालाच्या पगाराला देणगीदार सापडत नाही. अनुदानित वाचनालयांमधली माणसं, अ वर्गापासून ड वर्गापर्यंत, जे मानधन घेतात ते आकड्यात लिहायला संकोच वाटावा असं. हीच माणसं दाखल नोंदवहीतला क्रमांक न पाहता तुम्हाला कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते सांगतात, फाटकं पान खळीने चिकटवतात, आणि ‘ताई, ते आलंय बघा’ म्हणून टेबलाखालून काढून देतात. सुंदर दुरुस्त केलेल्या इमारतीत हा माणूस नसेल तर ते वस्तुसंग्रहालय झालं. मोडक्या इमारतीत तो असेल तर तिथे वाचनालय अजून चालू आहे.

मुंबईचा स्लॅब साठेक वर्षं टिकला. आज आपण जे मोठ्या हौसेने घालतो आहोत, पीओपी, काचेची दारं, विटांनी बुजवलेल्या खिडक्या, तेही पुढे कुणी तरी खर्च करून काढणार आहे. त्या माणसाचं काम थोडं हलकं करता आलं तर पाहावं.

तर वाचकहो, तुमच्या गावात जुनं वाचनालय असणारच. त्याची वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा पावसाळ्यानंतर असते. नोटीस फळ्यावर लागते, आणि खाली नेहमीची तळटीप असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीची अट राहणार नाही. इमारतीचे सगळे निर्णय त्या अर्ध्या तासानंतर, सात-आठ माणसांत होतात. स्लॅबही, खिडक्याही, जिनाही. या वर्षी वर्गणी भरा आणि त्या पहिल्या अर्ध्या तासात जाऊन बसा. नकाशा मागून घ्या. खिडक्या मोजा, जिना कुठून जातो ते विचारा, दार किती वाजता बंद होणार ते विचारा, आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.